काचेखालची गलबतं

पांढरकवडा
११ जानेवारी २०२५

चि. सुरभी,

केळापूरच्या जगदंबेची नजर तुझ्यावर राहो.

संक्रांतीचा तीळगूळ सोबत आहे. लाडू पोस्टात फुटतात म्हणून वड्या थापल्या. ‘गोड बोल’ असं मी लिहीत नाही, कारण दोन वर्षं झाली, तू गोड काय नि कडू काय, काहीच बोललेली नाहीस. मीही फोन करत नाही. आपल्याकडे फोन एकच, तो तुझ्या बाबांच्या खिशात. ते समोर बसलेले असताना ‘जेवलीस का’ याच्यापुढे माझी गाडी जात नाही. कागद बरा. अभिषेकच्या शाळेच्या वह्यांची कोरी पानं अजून पुष्कळ आहेत.

पत्राचं कारण असं, की बैठकीतलं गलबतांचं चित्र भिंतीवरून उतरलं आहे. विकलं नाही, घाबरू नकोस. या वर्षीच्या शिवजयंतीला आपल्या चौकातल्या मंडळानं ‘आरमार’ हा विषय घेतला. मंडळाचा अध्यक्ष आता अनिकेत आहे, दवाखान्याच्या मागच्या गल्लीतला. तो वर्गणीला आला, मान वर करून चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, तुमच्या घरी असं ओरिजिनल पडून राह्यलं, अन् आमी मोबाईलवर फोटो धुंडून राह्यलो!” मग तुझ्या बाबांनी त्याला बसवून सगळी गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा कचेरीत शिरस्तेदार, कामावर खूश होऊन इंग्रज साहेबानं जाताना हे चित्र भेट दिलं, आंग्र्यांच्या आरमारानं इंग्रजांची जहाजं जाळली तो हा प्रसंग. तू शंभरदा ऐकली आहेस. मीही लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. साहेब स्वतःची फजिती खिळ्यावरून काढून हाताखालच्या माणसाला कशाला देईल, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाला सुचलं नाही.

आता ठरलं असं, की चित्राचा फोटो मोठा करून चौकात भला मोठा फ्लेक्स लावायचा, आणि मूळ चित्र मिरवणुकीत रथावर ठेवायचं. काचेला तडा होता, मागून कसर लागली होती, म्हणून ते अब्दुल गनींच्या दुकानात नवी चौकट करायला दिलं आहे. तुझे बाबा किती दिवसांनी खुशीत आहेत. दोनदा दाढी केली परवा.

अभिषेकच्या साक्षगंधात, मुलीकडचे पाहुणे ह्याच चित्राखाली बसलेले असताना तू म्हणालीस, “बाबा, जळतायत ती आपली आहेत.” पुढे ते काय बोलले आणि तू बॅग उचलून कशी गेलीस, ते लिहून काय करू? मी तेव्हा आत बासुंदी वाढत होते.

मला एवढंच हवं आहे. तू तिकडे बडोद्याला म्युझियममध्ये असल्याच चित्रांचं काम करतेस. तर ते चित्र काय आहे, कोणी कोणासाठी केलं, ते मला समजेल अशा मराठीत लिहून पाठव. घरी पाठवू नकोस. शेजारच्या मानीबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा काळजी नाही.

पान संपलं. बाजूला आडवं लिहिलं आहे तेही वाच: वड्या वाटून खा, पण हॉस्टेलातल्या सगळ्यांना नको, वेलदोडा घातला आहे.

तुझी आई

*

पांढरकवडा
२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

चि. सुरभी,

तुझं उत्तर नाही. मानीबाईंना रोज विचारते. काल म्हणाल्या, “पोस्टमनपेक्षा तुमीच जास्त चकरा मारून राह्यल्या.”

पण आज दुसरंच घडलं. देवीला जाऊन आले, चपला काढते तोच मागच्या दाराशी अब्दुल गनी उभे. हातात जुनं धोतर गुंडाळलेलं चित्र. आपल्या घरातले सगळे देव ह्या माणसानं चौकटीत बसवले आहेत, पण मागच्या दारानं ते कधी आले नाहीत.

“भाभी, साहेब घरी हायेत का?”

“पेन्शनच्या कामाला गेलेत.”

“मंग बरं झालं. मले तुमच्याशीच बोलाचं होतं.”

त्यांनी चित्र ओट्यावर ठेवलं. काच नव्हती, आणि चित्राभोवतीचा तो पिवळट पुठ्ठाही नव्हता. पुठ्ठ्याखाली चित्राचा कागद अजून चांगला चार बोटं रुंद निघाला, आणि खालच्या अंगाला बारीक वळणदार इंग्रजीत एक लांब ओळ. मला इंग्रजी वाचता येतं तेवढं बसच्या पाटीपुरतं. गनीभाईंचा मुलगा जीशान, ज्यानं फ्लेक्सची मशीन टाकली आहे, त्यानं ती ओळ वाचली होती. त्यानं मराठी करून कागदावर लिहून दिलं होतं: ‘आंग्रे नावाच्या समुद्री लुटारूचं आरमार त्याच्याच बंदरात जाळून टाकल्याचा देखावा.’ आणि पुढे, ही तसबीर कोणा लाटसाहेबाला नम्रपणे अर्पण.

म्हणजे तू म्हणालीस तेच.

गनीभाई म्हणाले, “जीशाननं वाचलं, तवापासून त्याचं तोंड उतरलं. आमी त चौकट लावणारे, आमाले काय. पण भाभी, फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव अन् नंबर राह्यते. उद्या कोण्या पोट्ट्यानं मोबाईलवर हे चित्र हुडकलं, त तो काय म्हणन, का नरहर काकाच्या घरचं होतं? तो म्हणन, छापलं कोणं? अन् नाव कोणाचं, त आमचं. महाराजाच्या जयंतीले आपली जहाजं जळताना चौकात टांगली, अन् टांगली कोणं, त गनीच्या पोरानं.”

मी म्हटलं, “मग तुम्ही ह्यांना स्पष्ट सांगा ना.”

ते हसले, पण ते हसू नव्हतं. “मी सांगतलं, त मी साहेबाच्या खानदानीचा अपमान केला. नाही सांगतलं, त मी दगा केला. आता तुमीच सांगा, म्या काय करू?”

मी चहा केला. त्यांनी विचारलं, “पुठ्ठा जसा होता तसा लावून देऊ?” मी म्हटलं, “आत्ता लावू नका. जरा थांबा.” थांबून काय होणार ते मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं.

चित्र घेऊन ते गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तुझे पणजोबा कचेरीत इंग्रजीत टिपणं लिहीत. त्यांना ही ओळ वाचता येत नव्हती का? पुठ्ठा त्यांनीच मुद्दाम रुंद कापून घेतला असणार. साहेबाची भेट फेकता येईना, आणि त्या ओळीखाली बसून जेवता येईना. ओळ झाकली आणि मुलांना गोष्ट उलटी सांगितली. किंवा काहीच सांगितलं नाही आणि मुलांनी आपली आपण ठरवली. चित्रात जे मोठं, पुढचं आणि जिंकणारं, ते आपलंच असं माणूस धरून चालतो.

आणि आम्ही दर दसऱ्याला, आठवतं ना, त्या पुढच्या मोठ्या जहाजावर काचेवरून गंध लावायचो. मी लावायचे. मनोभावे.

लवकर लिही. जयंतीला महिनासुद्धा नाही.

तुझी आई

*

पांढरकवडा
७ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभी,

तुझं पत्र मिळालं. मानीबाईंनी पदराखाली आणून दिलं, जशी काही अफूच. दोन पानं मजकूर आणि वर एवढी मोठी जागा कोरी सोडलीस. असो.

तुझं अक्षर पाहिलं तेव्हा मी आधी मजकूर वाचलाच नाही. नंतर वाचला.

तू लिहिलंस की अशी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं कोरत, खाचांत शाई भरत, आणि ओल्या कागदावर दाबून छापत. एका पत्र्यावरून शेकडो निघत. लंडनात दुकानांच्या खिडक्यांत ती टांगलेली असत, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांना त्यातून कळे की आपण समुद्राचे मालक आणि समोरचा चोर. हे मला लगेच पटलं. मीही समुद्र पाहिलेला नाही. मलाही जे काही कळलं ते त्या चित्रातूनच, फक्त उलटं.

आंग्रे आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडून परवाना मागत आणि तो ज्यांना घ्यायचा नव्हता त्यांनी त्यांना लुटारू म्हटलं, हेही समजलं. आपल्या आठवडी बाजारात नगरपालिका बसायची पावती फाडते, तिलाही लोक लुटारू म्हणतात. पण कोणी तांब्यावर कोरून ठेवत नाही.

मग मी गनीभाईंच्या दुकानात गेले आणि त्यांचं भिंग मागून चित्र पाहिलं. सुरभी, जवळून पाहिलं तर त्यात धूर नाहीच. नुसत्या रेघा आहेत, केसासारख्या. पुढच्या जहाजावर माणसांना नाकडोळे आहेत, टोप्या आहेत, एक जण तर हसतोय. मागे जळणाऱ्या जहाजांवर माणसं आहेत, पण त्यांना तोंडं नाहीत. काड्यांसारखे हात फक्त वर केलेले. कोरणाऱ्याला तेवढी मेहनत नको वाटली असेल. ती माणसं कोळी होती, भंडारी होती, मुसलमान गोलंदाजही होते, असं तू लिहिलंस. मी हे गनीभाईंना वाचून दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले आणि म्हणाले, “यातला आमचा कोणता, ओळखू नाही येत.” मी म्हटलं, “आमचाही नाही येत.”

तू हेही लिहिलंस की किनाऱ्यावर पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं उभी होती, आणि मला विचारलंस, “मग आई, आपली म्हणजे नक्की कोणाची?” मी मॅट्रिक आहे, मला एवढं अवघड विचारू नकोस.

शेवटचं वाक्य तू लिहिलंस, ‘बाबांना सांग किंवा नको सांगू, माझा आता त्या घराशी संबंध नाही.’ ते वाक्य मी वाचलं नाही असं धर.

बाबांना मी सांगितलं. सकाळी ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, “चित्राखाली एक ओळ आहे.”

पेपर खाली न घेता म्हणाले, “मला माहीत आहे.”

मी विचारलं, “केव्हापासून?”

“ओळ नाही पाहिली. पुढच्या जहाजाचा झेंडा पाहिला. ती गेली त्याच आठवड्यात, भिंग आणून.”

“मग मंडळाला हो काहून म्हटलं?”

“नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं.”

“तर द्यायचं होतं.”

तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला. “आणि ते कारण ऐकून लोक काय विचारतील? तुमची मुलगी हेच म्हणत होती ना, मग तिला घराबाहेर कायले काढलं? ह्याचं उत्तर देऊ चौकात उभा राहून?”

ते वऱ्हाडीत बोलले म्हणजे आतून हलले, हे तुला माहीत आहे. कचेरीत इतकी वर्षं काढली, एरवी शब्द घासूनपुसून येतो.

मी गनीभाईंचं सांगितलं. फ्लेक्सवरच्या नावाचं. म्हणाले, “गनीला कोण काय करतंय.”

“हे त्यांना जाऊन सांगा तुम्ही.”

त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. मग म्हणाले, “मी त्याला पुठ्ठा लावून द्यायला सांगितलं आहे. विषय संपला.”

विषय संपलेला नाही. रविवारी, सोळा तारखेला, मंडळ वाजतगाजत चित्र न्यायला येणार आहे. घरची सुवासीण म्हणून मी ते ओवाळायचं आहे. फ्लेक्सची छपाई त्याच संध्याकाळी. मी देवीला कौल मागत नाही, तू जाणतेस, पण ह्या शुक्रवारी बराच वेळ गाभाऱ्यासमोर बसले. ती काही बोलली नाही. तुझ्यासारखीच.

तुझी आई

(कोपऱ्यात: स्वेटर घालत जा. बडोद्याला थंडी नसते असं म्हणू नकोस.)

*

पांढरकवडा
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभी,

जयंती झाली. सगळं क्रमानं सांगते.

रविवारी सकाळी अंगणात चौरंग मांडला, रांगोळी घातली. बाबांनी चित्र दुकानातून आणलं होतं. नवी चौकट, नवी काच, आणि आत तोच जुना पुठ्ठा. झेंडूचा हार घातला तेव्हा चित्र खरंच देखणं दिसत होतं. मंडळाची पोरं भगवे फेटे बांधून आली, ताशा गेटाबाहेर थांबला. जीशानही आला होता, फ्लेक्सचा नमुना अनिकेतला दाखवायला. तो गेटाच्या आत आला नाही.

मी आत जाऊन कणिक भिजवली आणि दिवा केला. निरांजन घासून तयार होतं, ते तसंच ठेवलं. कणकेचा दिवा घेऊन बाहेर आले, चौरंगाच्या पुढ्यात ठेवला, आणि वात दक्षिणेकडे केली.

पुरुषांना काही कळलं नाही. मानीबाईंनी पाहिलं. त्यांनी मला कोपर मारलं. “अवं शोभाबाई, वात दक्षिणेकडं झाली. फिरवा, फिरवा.”

“असू द्या.”

“अवं पण तसा दिवा मेलेल्या माणसाचा राह्यते. कोणी गेलं काय घरात?”

“घरात नाही,” मी म्हटलं. “ह्या चित्रात गेलेत.”

ताशावाला टिपरी मारणार होता, तो थांबला. अनिकेत पुढे आला. “काकू, हे काय करून राह्यल्या? आज जयंतीचं काम, अन् तुमी अपशकुन कायले करता?”

मी कणकेचे हात पदराला पुसले. मी म्हटलं, “अनिकेत, पुढचं मोठं जहाज इंग्रजांचं आहे बाळा. जळतायत ती आपली आहेत.”

तुझंच वाक्य. मला दुसरं सुचलं नाही.

कोणीतरी हसलं, कोणीतरी “काकू काय बोलते बे” म्हणालं. मग गर्दीतून आवाज आला, “काल हे गनीच्या दुकानात होतं ना? तिथं काही बदलसदल केलं काय?” आणि सगळी डोकी गेटाकडे वळली. सुरभी, इतकी डोकी एकदम वळतात तेव्हा त्याचा आवाज होतो. जीशाननं हातातला नमुना हळूच गुंडाळला. त्याचं एक पाऊल मागे गेलं, आणि मागे ताशावाले होते.

मी तुझ्या बाबांकडे पाहिलं. ते चौरंगाकडे पाहत होते. मी मनात देवीला म्हटलं, आता हा माणूस बोलला नाही तर मी ह्याच्या हातचं पाणी पिणार नाही. असलं मी कधी मनातही आणलेलं नाही.

त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला. चित्र पालथं केलं, खिशातल्या चाकूनं मागचे बारीक खिळे उचकटले, पुठ्ठा ओढून काढला. मग चष्मा लावला आणि ती ओळ मोठ्यानं वाचली, कचेरीत हुकूम वाचावा तशी, पहिल्यांदा इंग्रजीत आणि नंतर मराठीत. लुटारू ह्या शब्दाशी थोडे अडखळले. पण म्हणाले.

मग म्हणाले, “हा पुठ्ठा माझ्या आजोबांनी लावला. परत लावायला मी सांगितला. गनी नको म्हणत होता.”

एवढंच. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी वाट पाहत होते.

अनिकेतचे डोळे भरून आले होते. वाईट पोरगा नाही तो. “काका, आमी तुमच्या भरवशावर अख्ख्या गावाले सांगून बसलो. तुमी आमची इज्जत घालवली.” आणि पोरं गेली. ताशा खांद्यावर टाकून, न वाजवता. मानीबाई तेवढ्या थांबल्या. त्या दिव्याजवळ बसल्या आणि विचारलं, “किती लोकं होते बाई त्याच्यात?” दिवा विझेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो.

सगळं चांगलं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. फ्लेक्सचं काम मंडळानं त्याच दुपारी वणीच्या एका दुकानाला दिलं. चौकात लागलाय तो, मोबाईलवरून काढलेल्या चित्राचा. त्यातल्या मोठ्या जहाजाच्या शिडावर लाल क्रूस दिसतो. मी तो पाहिला आणि गप्प घरी आले. एका गावाला एका महिन्यात एवढं पुरे. तुझे बाबा सकाळी फिरायला जातात तर बाकावरचे लोक सरकून जागा देतात, पण बोलत नाहीत. आणि गनीभाई दुसऱ्या दिवशी पुढच्या दारानं आले, चहा नको म्हणाले, उभ्याउभ्याच बोलले, “साहेबानं माझं नाव वाचवलं, भाभी. गिऱ्हाईक नाही वाचलं. मंडळाच्या पोट्ट्याइनं आपापल्या घरचे फोटो वापस नेले.” बाबा आतून ऐकत होते. काल ते स्वतः दुकानात गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. आजही गेलेत.

चित्र परत भिंतीवर आहे. पुठ्ठ्याशिवाय, ओळीसकट. खिळा त्यांनीच ठोकला. जेवायला बसलं की ती ओळ समोर येते. मला वाचता येत नाही, पण आता मी ती ओळखते. दसऱ्याला गंध कुठे लावायचं हा प्रश्न आहे. मागच्या जळणाऱ्या होड्या इतक्या लहान आहेत की माझं बोट एकाच वेळी तिघींवर पडेल. तू असलीस तर बारीक काडीनं लावता येईल.

आता शेवटचं. मानीबाईंनी काल अंगणातूनच ओरडून विचारलं, “पोरीचं पत्र आलं का हो?” बाबा दारात उभे होते. मला वाटलं, आता संपलं. ते हातपाय धुवायला गेले. जेवताना म्हणाले, “पुढचं पत्र मी टाकतो पोस्टात.”

तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. सोबत पेनही देते.

तू मला ओळखतेस. मी कोपऱ्यात लिहिते, आडवं लिहिते, पण कागद वाया घालवत नाही. आज खालचं अर्धं पान कोरं सोडलं आहे.

तुझी आई